आगराचा गुलाबी रंग आणि दीड वर्षाचं कुलूप

माझ्या संशोधनाचं पोस्टर छापून आलं होतं. पणजीहून गुंडाळी काखेत धरून आणलं, लॅबच्या टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर मिठाच्या चार बाटल्या ठेवल्या आणि शुद्धलेखन तपासत बसले. सर आत आले. त्यांनी पोस्टर वरून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हे उद्या लावू नकोस. सेलमधून फोन होता."

जानेवारी २०२०. परिषद दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सेल म्हणजे आमच्या संस्थेतला पेटंट आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाचं काम बघणारा विभाग. तोवर मी तिथे एकदाच गेले होते, एका कंपनीशी झालेल्या करारावर सही करायला. त्या सहीचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. आता मी स्वतः शिकवते, आणि मधूनमधून एखादी विद्यार्थिनी तसाच कागद घेऊन येते. "मॅडम, यावर सही करू ना?" तिला उभ्याउभ्या सांगता येत नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

मी पेडण्याची. आमच्या तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आगरवाड्याला मिठागरं आहेत. पावसाळा सरला की बांध लिंपायचे, मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत उन्हावर आटवत न्यायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ धरायला लागतं तोवर ते ३००च्या आसपास गेलेले असतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात शेवटच्या कप्प्यातलं पाणी गुलाबी होतं. लहानपणी आम्हाला वाटायचं, कोणीतरी गुलाल टाकतंय. तो रंग जिवंत असतो. इतक्या खारात जगणारे सूक्ष्मजीव तो तयार करतात, आणि त्यातले बरेच जीवाणूसुद्धा नव्हेत. आर्किया नावाचं ते वेगळंच कुळ आहे.

मार्च २०१८ मध्ये मी नमुने घ्यायला गेले. ज्या काकांच्या आगरात गेले, ते फळी लावलेल्या लांब दांड्याने मीठ ओढत होते. मी बाटल्यांत पाणी भरतेय, चिखल भरतेय, चिठ्ठ्या चिकटवतेय, हे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आमचा मीठ व्हरान तू काय करतलंस गे बाय?"

मी सांगितलं, यातले जीव वाढवणार, ते काय करतात ते बघणार, मग छापणार. सगळ्यांना कळेल.

"सगळ्यांका कळतला? बरां," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

सगळ्यांना कळेल, हा शब्द मी त्यांना दिला होता.

हे जीव वाढवणं म्हणजे धीराचं काम. माध्यमात, म्हणजे ते ज्यावर वाढतात त्या खाद्यात, पंचवीस टक्के मीठ घालावं लागतं. प्लेटा सुकू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवायच्या आणि दहा-बारा दिवस वाट बघायची. तरी कडेला मिठाचे स्फटिक धरतातच. तेराव्या दिवशी मला टाचणीच्या डोक्याएवढे केशरी ठिपके दिसले. त्यातला एक उचलून काचपट्टीवर ठेवला आणि साध्या पाण्याचा थेंब सोडला. पेशी बघता बघता फुटल्या, डीएनए बाहेर आला आणि सुई वर उचलली तसा थेंबाला शेंबडासारखा धागा सुटला. खारात तरारून वाढणारा जीव गोड्या पाण्याच्या एका थेंबाने विरघळतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण डोळ्यांनी बघितलं तेव्हा मी लॅबमधल्या सगळ्यांना हाक मारून बोलावलं.

आता हा कोण, हे कसं ओळखायचं? त्याच्या एका जनुकाचा क्रम वाचून घेतला आणि जेनबँकेत तुलनेला टाकला. जेनबँक म्हणजे अमेरिकेतला जनुकक्रमांचा सार्वजनिक साठा. युरोप आणि जपानमधल्या तशाच साठ्यांशी त्याची रोज देवाणघेवाण चालते. कोणीही टाकावं, कोणीही फुकट बघावं. पाच मिनिटांत जवळच्या नातलगांची यादी आली. कोणी मृत समुद्रातून काढलेला, कोणी चीनमधल्या खाऱ्या तळ्यातला, कोणी स्पेनच्या मिठागरातला. या लोकांनी आपापले क्रम उघडे ठेवले नसते तर माझा केशरी ठिपका केशरी ठिपकाच राहिला असता. १९९६ साली बर्म्युडा बेटावर मानवी जनुकसंचाचं काम करणाऱ्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी ठरवलं होतं, की वाचलेला क्रम चोवीस तासांत सार्वजनिक करायचा. आज आम्ही जे गृहीत धरतो, त्याला त्या निर्णयाने मोठं बळ दिलं.

वर्षभराने त्या जीवाचा एक गुण सापडला. दुधाची पावडर घातलेल्या प्लेटवर त्याला वाढवलं की ठिपक्याभोवती पारदर्शक कडं पडायचं. तो दुधातली प्रथिनं तोडत होता, तेही भरपूर मीठ असताना. प्रथिनं तोडणारी बहुतेक एन्झाइमं इतक्या मिठात लंगडी पडतात. मासळी खारवून, मुरवून जे पदार्थ करतात त्यात मीठ भरपूर आणि मुरायला महिनोन् महिने लागतात. तिथे असं एन्झाइम कामाला येईल. सरांनी हे एका कार्यशाळेत सहज सांगितलं आणि दुसऱ्या राज्यातल्या एका मासळी प्रक्रिया कंपनीचा माणूस जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी येऊन बसला.

मला आनंद झाला होता, हे आधी सांगते. आपल्या आगरातलं काहीतरी कारखान्यात जाईल, त्यातून कदाचित आगराला चार पैसे येतील, असं खरंच वाटलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये करार झाला. कंपनी बारा महिने एन्झाइम तपासून बघणार, हवं तर आणखी सहा महिने घेणार, आणि तोवर पहिला हक्क तिचा. गोपनीयतेचं कलम पाचव्या पानावर होतं. जनुकक्रम, कल्चर (म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला जीव), निष्कर्ष, "संबंधित कोणतीही माहिती" कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर द्यायची नाही. माझी सही "संशोधक विद्यार्थिनी" या ओळीवर.

तर पोस्टर राहिलं. सेलच्या मॅडमना भेटायला गेले तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. भारतात पेटंटसाठी शोध अर्जाच्या दिवसापर्यंत नवा असावा लागतो. आपणच आधी पोस्टर लावलं, निबंध छापला, क्रम जेनबँकेत उघडा केला, तर आपलंच छापलेलं आपल्या अर्जाच्या आड येतं. बारा महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, असंच काही. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर वर्षभर मिळतं, युरोपात जवळजवळ काहीच मिळत नाही. आणि कंपनीचा डोळा निर्यातीवर होता. मॅडमचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. त्या म्हणाल्या, "हळदीचं काय झालं माहीत आहे ना? आपण गप्प राहिलो तर दुसरे घेतात."

हळदीचं मला माहीत होतं. गोव्यात ते सांगायची गरज पडत नाही, कारण तो लढा ज्यांनी लढवला ते रघुनाथ माशेलकर आमच्या माशेलचे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरायचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. माशेलकर सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण ते रद्द कशामुळे झालं? जुने ग्रंथ होते, १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला छापील लेख होता. कोणीतरी आधीच उघडपणे लिहून ठेवलेलं होतं. मी हे मॅडमना म्हटलं. त्या थांबल्या, विचार केला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण छापलं की दुसऱ्याला पेटंट मिळत नाही, तसं आपल्यालाही मिळत नाही. तुला यातलं काय हवं, ते आधी ठरव." इतका सरळ प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ठरवायचा अधिकारही माझ्याकडे नव्हता.

मग कागद सुरू झाले. निसर्गात सापडलेला जीव जसाच्या तसा आपल्याकडे पेटंटला चालत नाही, म्हणून दावा लिहायचा तो एन्झाइम तयार करण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतीवर. कल्चर अधिकृत साठ्यात जमा करायचं. बुडापेस्ट करारात भारत २००१ साली सामील झाला, आणि त्याखाली मान्यता असलेलं एक केंद्र पुण्यात आहे. तिथे जीव किमान तीस वर्षं जपून ठेवतात. मी काचेच्या नळ्या सील करून, कापसात गुंडाळून, थर्मोकोलच्या डब्यात बसवून कुरिअर केल्या. पोचल्याचा फोन येईपर्यंत नीट झोप लागली नाही. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज गेला. पक्का अर्ज करायला त्या दिवसापासून बारा महिने.

सगळ्यात जास्त वेळ मला नमुना ३ने घेतला. देशातल्या जैविक साधनावर आधारलेल्या शोधाचं पेटंट घ्यायचं तर जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागायची. त्यासाठीचा हा अर्ज. (२०२४ पासून भारतीय अर्जदारांसाठी हे सोपं झालंय, नोंदणी करावी लागते.) त्यात साधन कुठून घेतलं ते लिहायचं असतं. मी गाव, तालुका, जिल्हा लिहिला आणि थांबले. लाभ-वाटपाचे नियम पहिल्यांदा मी तेव्हाच वाचले. पेटंट दुसऱ्याला परवान्याने दिलं तर मिळालेल्या शुल्काचे ३ ते ५ टक्के आणि रॉयल्टीचे २ ते ५ टक्के तेव्हा वाटून द्यावे लागत. म्हणजे या एकाच कागदात, दुरून का होईना, काकांचा विचार होता. आमच्या कंपनीशी झालेल्या करारात नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझ्या पोस्टरवरही नव्हता. आभाराच्या ओळीत निधी देणारी संस्था होती, सर होते, यंत्र चालवणारा मुलगा होता. मी "सगळ्यांना कळेल" म्हणाले होते, पण त्या सगळ्यांत आगरवाडा धरला नव्हता. खुलेपणाच्या बाजूने भांडताना ही गोष्ट मला आजही खाली बघायला लावते.

मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मी पेडण्याला घरी आले. त्या दिवसांत दोन गोष्टी एकदमच चालल्या होत्या. वर्तमानपत्रांत रोज लसीच्या बातम्या होत्या. नव्या विषाणूचा जनुकक्रम ११ जानेवारी २०२० रोजी एका चिनी शास्त्रज्ञाच्या चमूने उघडा केला होता आणि त्यावरून काही दिवसांत लसींची आखणी सुरू झाली. लसी विकणाऱ्या कंपन्यांनी पेटंटही घेतली, नफाही कमावला. म्हणजे खुला डेटा आणि धंदा एकमेकांच्या मुळावर उठलेच पाहिजेत असं नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. आणि माझ्या पेटीत एक ईमेल येऊन पडलं होतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजातली मुलगी, माझ्यासारखीच पीएचडी करणारी, तिथल्या मिठागरांवर काम करत होती. तिच्या सरांनी कार्यशाळेत आमच्याबद्दल ऐकलं होतं. तिच्याकडे तसाच केशरी ठिपका होता आणि तो ओळखीच्या कुठल्याच जातीशी नीट जुळत नव्हता. तिने फक्त एका जनुकाचा क्रम मागितला होता. दीड हजार अक्षरं. "तुलना करून बघते, तुमचं नाव घालेन," असं लिहिलं होतं.

मी सेलला विचारलं. नाही आलं. कंपनीला विचारा म्हटलं. तीन आठवड्यांनी तिकडूनही नाही आलं. मी तिला लिहिलं की सध्या देता येत नाही, माफ कर. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं, सभ्य होतं. स्पेनच्या आणि चीनच्या अनोळखी माणसांनी मला जे फुकट दिलं होतं, ते मी आपल्याच देशातल्या, माझ्याच वयाच्या मुलीला नाकारलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

त्यानंतर मी पेटंटचा कायदा आणि आमचा करार शेजारी शेजारी ठेवून वाचला. टाळेबंदीत वेळ भरपूर होता. प्रोव्हिजनल अर्ज फेब्रुवारीतच गेला होता. त्यात लिहिलेल्या गोष्टींना त्या तारखेचं संरक्षण मिळालेलं होतं, त्यानंतर त्या छापल्या तरी त्या दाव्यांना धोका नव्हता. धोका होता तो अर्जात नसलेल्या, नंतर सापडणाऱ्या गोष्टींना. पक्क्या अर्जात त्या घातल्या तर त्यांची तारीख नंतरची धरतात. मग साधा उपाय होता: माहीत आहे ते सगळं, क्रमासकट, प्रोव्हिजनलमध्ये आधीच घालायचं आणि दुसऱ्या दिवशी निबंध पाठवायचा. आमचा अर्ज चार पानी होता, घाईत केलेला, क्रम त्यात घातलेलेच नव्हते. म्हणून सेलला सगळंच झाकून ठेवावंसं वाटत होतं. आणि कायद्याने मागितलं त्याच्या कितीतरी पुढे जाऊन करारातल्या "संबंधित कोणतीही माहिती" या तीन शब्दांनी माझं तोंड बांधलं होतं. ओळख पटवणारं ते एक जनुक एन्झाइमचं नव्हतंच. ते देऊन कंपनीचं काहीही बिघडलं नसतं. हे मी सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं आहे. सही करण्याआधी आपण वाचायला हवं होतं. मी वाचायला हवं होतं." सरांनी स्वतःवर घेतलं, याबद्दल त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला.

पण घड्याळ चालू होतं. २०१६च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रबंध देण्याआधी निदान एक निबंध छापून यायला हवा होता आणि परिषदांत दोनदा मांडणी करायला हवी होती. मला दोन्हीला बंदी. फेलोशिप पाच वर्षांची, त्यातली तीन संपलेली. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, उघडी असते, प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर चढवावा लागतो. तेही प्रकाशनच. सरांनी माझ्यासाठी दुसरा विषय उभा केला, रंगद्रव्याचा. त्यावर मी रात्रंदिवस काम करून निबंध लिहिला. प्रबंधातलं एन्झाइमचं प्रकरण काढून टाकलं. एकशे चाळीस प्लेटांचं काम होतं ते.

कंपनीने सहा महिने वाढवून घेतले. मे २०२१ मध्ये एका पानाचं पत्र आलं. मोठ्या प्रमाणावर करणं परवडत नाही. कारण ऐकून मला रडावं की काय करावं कळेना. पंचवीस टक्के मिठाच्या माध्यमाने त्यांच्या स्टीलच्या टाक्यांना गंज धरला होता. मिठाच्या आगरात लोखंड टिकत नाही, हे काकांना विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पेटंटचा अर्ज संस्थेच्या नावावर राहिला. पक्का अर्ज वेळेत गेला होता. पण परीक्षणाची मागणी करायची मुदत तेव्हा ४८ महिन्यांची असायची आणि त्या मुदतीत ती कोणी केली नाही. मी तोवर नोकरीला लागले होते. मागणी झाली नाही की अर्ज मागे घेतला असं कायद्याने धरतात. झालं तसंच.

कंपनीचं पत्र आल्यावर आठ दिवसांत मी सेलकडून लेखी मोकळीक घेतली. मॅडमनी लगेच दिली, आणि कराराच्या पुढच्या मसुद्यांत ते तीन शब्द काढून काय झाकायचं याची यादी जोडायची पद्धत त्यांनी सुरू केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. जून २०२१ मधल्या एका पावसाळी रात्री मी पूर्ण जीनोम, म्हणजे त्या जीवाचा सगळा जनुकसंच, जेनबँकेत चढवला. तिथे "हे केव्हा खुलं करायचं" असा प्रश्न येतो, पुढची तारीख देऊन क्रम झाकून ठेवता येतो. मी "लगेच" निवडलं. ठिकाणाच्या रकान्यात भारत, गोवा, आगरवाडा. अक्षांश-रेखांश मात्र दशांशानंतर दोनच आकड्यांपर्यंत दिले, म्हणजे गाव कळेल, कोणाचं आगर ते कळणार नाही. पहिली चिठ्ठी मी तमिळनाडूच्या त्या मुलीला पाठवली, नोंदीच्या क्रमांकासह. तिचा प्रबंध तोवर झाला होता. तरीही तिने रात्रीच तुलना करून पाठवली. तिचा आणि माझा जीव एकाच जातीचे होते. दोघींचं मिळून त्यावर पुढे काम झालं.

डिसेंबरात मी आगरवाड्याला गेले. दोन पानं मराठीत लिहून नेली होती: काय सापडलं, कुठे ठेवलंय, कोण बघू शकतो, कोणी त्यातून पैसे कमावले तर गावाने कोणाकडे विचारायचं. एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला दिली. दुसरी काकांना. ते बांध लिंपत होते. हात चिखलाने भरलेले, म्हणून मीच वाचून दाखवली. ते ऐकत होते आणि पाय बांधावरून हलवत नव्हते. त्यांच्या आजोबांच्या वेळच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या होत्या, १८७८च्या पोर्तुगीज-ब्रिटिश तहात गोव्याच्या मिठाचा ताबा कसा गेला त्या. २००६ साली बिनआयोडीनचं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली, ती तर त्यांनी स्वतः सोसली होती. मिठाबद्दलचा कागद घेऊन कोणी आलं की ते सावध होतात, हे मला दिसत होतं.

मी वाचून संपवलं. त्यांनी विचारलं, "ह्यात आमचा नाव खंय आसा?"

मी "आगरवाडा" या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी मानशीजवळच्या पाण्यात हात धुतले, पंच्याला पुसले, दोन्ही पानं घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"फुडल्या मार्चात परत ये," ते म्हणाले. "गुलाबी पाणी त्या तिकडच्या कोनात जास्त होता. तू भलत्याच कोनातला घेतलेला."